लाल वर, पांढरं खाली

आमच्या चाळीत सकाळी सकाळी एरंडेलाचा वास सुटला की नवीन आलेलं बिऱ्हाड विचारायचं, "कोणाचं पोट बिघडलंय हो?" मग जुनं कोणीतरी हसून सांगायचं, "पोट नाही, तावड्यांनी हेलिकॉप्टर चालू केलंय."

त्या हेलिकॉप्टरच्या इंधनात एरंडेल असतं. स्पिरिटसारखं उडून जाणारं काहीतरी आणि त्यात वंगणाला एरंडेल. हे मला सुभद्राने सांगितलं होतं. सुभद्रा म्हणजे आनंदा तावड्यांची बायको, माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत. ती गेल्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. रोज जप झाला की वहीत चार ओळी लिहायची माझी सवय, पण त्यात भाजी, पाहुणे, उपास ह्यांच्यापलीकडे फारसं काही जात नाही. ह्या वेळची हनुमान जयंती झाली आणि वाटलं, आनंदाभावोजींचं नीट, एका जागी लिहून ठेवावं.

लालबागची आमची मांजरेकर चाळ तीन बाजूंनी उभी आहे. चौथ्या बाजूला मारुतीचं देऊळ, मध्ये मोठं पटांगण. भावोजींचे वडील गिरणीत होते, मूळचे कणकवलीकडचे. मुलाने साच्यावर उभं राहू नये म्हणून त्यांनी त्याला गिरगावात एका खेळण्यांच्या दुकानात चिकटवलं. खाली लहान मुलांची खेळणी आणि वर पोटमाळ्यावर मोठ्या माणसांची. रिमोटवर उडणारी विमानं, हेलिकॉप्टरं. शौकीन लोक रविवारी शहराबाहेरच्या माळावर जाऊन ती उडवायचे, पाडायचे आणि सोमवारी पोटमाळ्यावर आणून टाकायचे. भावोजींचं सगळं आयुष्य त्या पोटमाळ्यावर वाकून गेलं. सुभद्रा म्हणायची, "डॉक्टर आहेत आमचे. पेशंट सगळे आपल्याच हाताने पडलेले."

दुकान बंद झालं तेव्हा शेठने विचारलं, आनंदा, तुला काय हवंय? भावोजींनी कोपऱ्यात पडलेलं एक हेलिकॉप्टर मागितलं. कोणा गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकून पुन्हा तोंड न दाखवलेलं. शेपटीची नळी वाकलेली, मोठ्या दातेरी चाकाचे दात झडलेले, पाती मोडलेली. ते त्यांनी जुन्या चादरीत बांधून घरी आणलं.

मग त्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याचाच संसार सुरू झाला. सुभद्राच्या शिवणाच्या डब्यात बेअरिंगं आणि बेअरिंगांच्या डब्यात तिची बटणं. एकदा सोडवलेला स्क्रू निळं औषध लावल्याशिवाय परत बसवायचा नाही, नाहीतर थरथरीने सुटतो, हा भावोजींचा नियम. त्या औषधाने सुभद्राची बोटंसुद्धा कधी कधी निळी दिसायची. पात्यांच्या मूळच्या प्लॅस्टिकच्या पकडी काढून त्यांनी चकचकीत धातूच्या बसवल्या, त्या दिवशी ती गॅलरीत येऊन त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "पद्मा, बघितलंस? सवतीला नवीन पाटल्या केल्या."

आतून भावोजी म्हणाले, "सवत तुझ्यापेक्षा कमी खाते."

"आणि उडून पण जाते! मी कुठे जाते?"

हनुमान जयंतीला सूर्योदयाला जन्म असतो. पूर्वी त्या वेळी मंडळाचे लोक गच्चीवरून टोपलीने फुलं टाकायचे. अर्धी पन्हळीत अडकायची, अर्धी पुजाऱ्याच्या डोक्यात. भावोजींनी हेलिकॉप्टरच्या पोटाखाली पत्र्याचा हलका डबा बसवला, त्याच्या तळाला झडप, झडप उघडायला एक छोटी मोटर. तेव्हापासून आमच्या मारुतीवर पुष्पवृष्टी हेलिकॉप्टरने होते. पोलिसांची परवानगी मंडळ आणतं, पटांगणात दोरी बांधतात, सगळी चाळ मागे गॅलऱ्यांत उभी. सूर्य वर आला की ते यंत्र कळसाच्या वर जाऊन हवेत एका जागी थांबतं आणि पाकळ्या सोडतं. पात्यांच्या वाऱ्याने त्या सरळ पडत नाहीत, फिरत फिरत सगळ्या देवळाभोवती पसरतात. मात्र पाकळ्या कोरड्या हव्यात, ओल्या असल्या तर त्यांचा गोळा होऊन धप्पकन पडतो. दादरहून आणलेला झेंडू आदल्या दिवशी सुटा करून पंख्याखाली पसरायचा, हे सुभद्राचं आणि माझं काम.

पण तिचं खरं काम वेगळंच होतं. दोन्ही पाती फिरताना एका पातळीत फिरली पाहिजेत. एक वर आणि एक खाली फिरलं तर यंत्र थरथरतं, थरथरीने सांधे ढिले होतात आणि मग एक दिवस ते खाली येतं. उडवणाऱ्याला खालून हे धड दिसत नाही. म्हणून एका पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावायची, दुसऱ्याच्या पांढरी, आणि दुसऱ्या कोणीतरी लांब उभं राहून, पाती डोळ्यांच्या रेषेत आली की बघायचं. दोन रेघा दिसल्या तर वरची कुठली ते सांगायचं. मग यंत्र उतरवायचं, त्या पात्याची बारीक दांडी अर्धा फेरा पिळायची, परत वर न्यायचं. दोन्हींची मिळून एकच रेघ दिसेपर्यंत.

सुभद्रा पहिल्या मजल्यावर आपल्या दारासमोर, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी राहायची. खालून भावोजी ओरडायचे, "काय दिसता गे, सुभा?" आणि ही वरून, "लाल वर! लाल वर, पांढरं खाली!" एरवी भाजीवाल्याशीही हळू बोलणारी बाई. चाळीतली पोरं तिची नक्कल करायची. आमचे हे म्हणायचे, ही नवरा-बायको एकमेकांशी बाकी काही बोलतच नाहीत, नुसतं लाल-पांढरं.

एका खंडेनवमीला मात्र दोघांचं जोरात वाजलं. भावोजी पक्कड, पाने, पेचकस पाटावर मांडून आंघोळीला गेले. हत्यारांची पूजा सुभद्राच करायची. तिने त्या वर्षी हेलिकॉप्टरही पाटावर घेतलं आणि लाल पट्टीच्या पात्यावर ओल्या कुंकवाची बोटं ओढली, एक टोकाला, एक मध्ये, एक मुळाशी. लाल पट्टीचं पातं आपलं, असं ती धरून चालायची, म्हणून पांढऱ्याला हातही लावला नाही. भावोजींनी ते बघितलं, पण देवाचं कुंकू त्याच दिवशी कसं पुसायचं म्हणून तसंच ठेवलं आणि संध्याकाळी पटांगणात इंजिन चालू केलं. यंत्र ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडायला लागलं.

"टोकाला एवढासा थेंब म्हणजे फिरताना केवढा भार होतो, ठाऊक आहे का तुला?"

"मग पांढऱ्यालाही लावते, सारखं होईल."

"नको!"

पातं लाकडाचं, त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवलेला. टोकावरचं आणि मधलं कुंकू पुसलं गेलं. मुळाशी, जिथे पातं पकडीत बसतं, तिथे लाकूड उघडं होतं. तिथलं कुंकू मुरलं. भावोजी पॉलिशपेपर घेऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "घासून तर बघा! इतकं मुळाशी आहे. तिथे तुमच्या वजनाचं काय बिघडतं?" आणि ते खरं होतं, मुळाशी एवढ्याने काही बिघडत नाही. ते कुंकू राहिलं.

मग श्रावणात ती गेली. आजार लांबला नाही, आम्हाला कोणाला काही करायला सवडच मिळाली नाही.

भावोजी आधीच कमी बोलणारे. पूर्वी भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्टीबरोबर तिचं बोलणं यायचं. आता डब्याचं झाकण, एखाद्या स्क्रूचं फरशीवर पडणं, एवढंच. दिवा लावायच्या वेळेला ते यंत्र खाटेवर घेऊन बसतात. उडवत नाहीत. एकेक सांधा दोन बोटांत धरून हलवून बघतात, ढिला झालाय का. मी एकदा वाटीत उसळ घेऊन गेले होते तेव्हा म्हटलं, "भावोजी, जे उडतच नाही ते ढिलं कसं होईल?"

"ठेवूनसुद्धा होतं, वहिनी," ते म्हणाले. "रबर सुकतं. बेअरिंगातलं तेल घट्ट होतं."

त्यांची मुलगी रुपाली बेंगळुरूला असते. फोनवर म्हणते, बाबा, इकडे या. भावोजी म्हणतात, बघू. दिवाळीला तिने त्यांच्यासाठी नवीन पाती पाठवली, काळीभोर, कार्बनची. ते पाकीट कपाटावर तसंच पडून होतं.

"पोरीने एवढं पाठवलंय, उघडून तरी बघा," मी म्हटलं होतं.

"नवीन पाती म्हणजे सगळं परत जुळवायला लागतं."

"मग जुळवा की."

"एकट्याचं काम नाही ते," असं म्हणून त्यांनी माझी रिकामी वाटी धुवायला घेतली. मला वाटलं, एखादा कारागीर लागत असेल.

गेल्या वर्षी त्यांनी जुन्याच पात्यांवर पुष्पवृष्टी केली. ती पूर्वीच जुळवलेली होती, कोणी बघायला लागलं नाही.

ह्या वर्षी पाडवा झाल्यावर सुशांत आला. तळमजल्यावर राहणारा हा मुलगा, आता मंडळाचा सेक्रेटरी. मी गॅलरीत गहू वाळवत होते.

"काका, ह्या वर्षी ड्रोन सांगूया का? आमच्या ऑफिसातला एक जण हौसेने येतो म्हणतोय."

"का? ह्याला काय झालं?"

"गेल्या वर्षी आवाज वेगळा होता. टक-टक, टक-टक. खाली माणसं असतात, काका."

"माणसं दोरीच्या बाहेर असतात."

"पातं सुटलं तर दोरी बघून थांबणार आहे का?"

सुशांत वाईट नाही. लहानपणी सुभद्राची नक्कल सगळ्यांत भारी तोच करायचा. मग तोच म्हणाला, "हे बघा, तुम्हीच सगळं चेक करा. मारुतीसमोर उभं राहून तुम्ही ओके म्हणालात की मी मध्ये बोलणार नाही. नाहीतर मग ड्रोन."

त्या एका सकाळीसाठी हा माणूस वर्षभर संध्याकाळी खाटेवर बसतो, हे मला ठाऊक होतं. ती सकाळ गेली तर त्यांच्याकडे नुसती खाट उरणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दाराशी आले. हातात लाल पट्टीचं पातं, सोडवून आणलेलं.

"वहिनी, तुम्ही तांदूळ निवडता, तुमची नजर बारीक. हे जरा बघा."

पात्याच्या मुळाशी बोल्ट जायचं भोक असतं. त्याच्या शेजारी सुभद्राच्या बोटाचा डाग, आता विटकरी झालेला. आणि भोकापासून निघून त्या डागातून जाणारी एक केसासारखी लाल रेघ.

"ही कुंकवाचीच ना? तेव्हाचा ओघळ असेल."

मी पातं उजेडात नेलं. कुंकवाचीच आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा बघितला असता तर कोणीही तेच म्हटलं असतं. पण हातांना सवय असते. रेघेवरून मी आडवं नख फिरवलं.

"भावोजी, नख अडतंय."

"कुंकू सुकून जाड झालं असेल."

"जाड झालं असतं तर नख वर चढलं असतं. हे आत जातंय."

त्यांनी पातं घेतलं आणि आपलं नख फिरवलं. मग परत एकदा. "हो," म्हणाले. मग दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "फिरताना सगळा ओढा ह्या एका भोकावर येतो. चीर गेली की पातं इथूनच सुटतं." आणि पातं पंच्यात गुंडाळून निघून गेले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे डबा वाजला नाही. पुढचे काही दिवस दार लोटलेलं. मी डबा ठेवायचे, धुऊन परत यायचा, बोलणं नाही. रोज देवळात जाऊन मारुतीसमोर उभी राहायचे आणि काय मागावं तेच कळायचं नाही. चीर बुजव असं तर देवाला म्हणता येत नाही. चिरेसकट उडू दे असं म्हणणं तर पापच. शेवटी रुईची माळ घालायचे, तेल वाहायचे आणि तशीच परत यायचे.

मग एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर मागे उभे. हातात रुपालीचं पाकीट, फोडलेलं.

"वहिनी, उद्या सकाळी जरा गॅलरीत उभ्या राहाल?"

"कशाला?"

"नुसतं बघायचं. लाल वर की पांढरं वर."

एकट्याचं काम नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"मला जमेल का हो?"

"तिला जमायचं," ते म्हणाले आणि लगेच घाईने, "म्हणजे, कोणालाही जमतं."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या सुमारास सुशांतने दोरी बांधली. नवीन पात्यांचं मूळ जरा पातळ, म्हणून भावोजींनी पकडीत दोन्ही बाजूंना चकत्या घालून ती घट्ट बसवली होती. टोकांना लाल आणि पांढरी पट्टी, त्याच जुन्या गुंडाळीतली. मी सुभद्राच्या दारासमोर, कठड्यापाशी उभी राहिले. तिथल्या लाकडावर तिच्या कोपराने गुळगुळीत झालेली जागा आहे. मी जरा बाजूला टेकले.

इंजिन लागलं. एरंडेलाचा वास वर आला, आणि त्याच्या मागून यंत्र. माझ्या डोळ्यांसमोर आलं, तसं थांबलं. पात्यांची फिरून फिरून एक थाळी झाली होती आणि थाळीच्या काठाला दोन रेघा होत्या, एक लाल, एक पांढरी. मला दिसत होतं. पण बोलायचं कधी ते कळेना.

खालून, नजर यंत्रावरच ठेवून, भावोजी ओरडले, "काय दिसता गे, सुभा?"

गॅलऱ्यांत जी काही कुजबुज होती ती थांबली. दोरीपाशी सुशांतने मान खाली घातली. भावोजींची पाठ ताठ झाली, म्हणजे त्यांनाही कळलं. पण हात रिमोटवर होते, यंत्र हवेत होतं, ते सोडून त्यांना तोंडही फिरवता येत नव्हतं. आणि विचारलेल्याचं उत्तर कोणीतरी द्यायलाच हवं होतं.

"लाल वर!" मी ओरडले. मी कधी एवढ्या मोठ्याने ओरडले नसेन. "लाल वर, पांढरं खाली!"

त्यांनी यंत्र उतरवलं. इंजिन बंद करून त्यावर ओणवे झाले. अर्धा फेरा पिळायला एवढा वेळ लागत नाही, पण त्यांना लागला. मग परत इंजिन, परत वर.

"वहिनी, काय दिसतं?"

"लाल वरच, पण थोडंसं!"

आणखी एकदा खाली, आणखी एकदा वर. ह्या वेळी मी डोळे बारीक करून बघितलं आणि बघतच राहिले. "एकच रेघ!" मी म्हटलं. "भावोजी, एकच!" त्यांनी मान डोलावली. तरी यंत्र काही खाली घेतलं नाही. गॅलरीसमोर, तिच्या दारासमोर, ते बराच वेळ तसंच उभं होतं.

मग ते उतरवून देवळाच्या पायरीशी गेले. हात जोडून आत बघत म्हणाले, "सुशांत, ओके आहे." सुशांतने फोन काढला आणि ड्रोनवाल्याला नाही सांगितलं.

हनुमान जयंतीला कीर्तन संपत आलं तेव्हा त्यांनी मला खुणेने बोलावलं. "कुंकू आणा. मुळाशी लावा. दोन्हींना सारखं." मी पूजेच्या ताटातलं ओलं कुंकू घेऊन दोन्ही पात्यांना मुळाशी एकेक बोट लावलं. काळ्यावर ते नीटसं दिसेनाही.

सूर्य वर आला, घंटा सुरू झाल्या, पाळणा हलला, आणि हेलिकॉप्टर कळसावर जाऊन थांबलं. टक-टक नव्हती. झेंडू ह्या वर्षी मी एकटीने सुटा केला होता, पण चांगला वाळला होता. पाकळ्या हलक्या सुटल्या, फिरत फिरत देवळावर, ओट्यावर, पटांगणभर गेल्या. खालच्या गॅलरीतून एक पोर ओरडलं, "लाल वर!" आणि सगळी चाळ हसली. भावोजीही हसले असावेत, मला पाठच दिसत होती.

प्रसादाला गर्दी झाली तेव्हा ते पटांगणात एकटेच यंत्र पुसत बसले होते. उडवून झालं की सगळं तेल लगेच पुसायचं, नाहीतर धूळ धरते. मी सुंठवडा घेऊन गेले. ते पात्याच्या मुळाशी फडकं फिरवत होते.

"ह्याला काहीच मुरत नाही, वहिनी," म्हणाले. "बघा. एका हातात साफ."

मी वाकून बघत उभी राहिले. मग त्यांनीच विचारलं, "भंगलेलं देवघरात ठेवत नाहीत ना?"

"मूर्ती ठेवत नाहीत," मी म्हटलं. "पातं चालतं."

"बरं," म्हणाले.

सुंठवड्याच्या पुड्या मी आदल्या दिवशी घरटी बांधते, जितकी माणसं तितक्या. तावड्यांच्या घरच्या ह्या वर्षीही दोन बांधल्या गेल्या होत्या. हातावर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. एक परत घेणार होते, तोवर त्यांनी दोन्ही सदऱ्याच्या खिशात ठेवल्या, यंत्र काखेत घेतलं आणि जिना चढून गेले. मग वरून कडी लागल्याचा आवाज आला.